घरकामगार महिलांचा फोन सर्व्हे: संमती, गुप्तता आणि त्या ६०० नंबरांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतली एक छोटी संस्था घरकामगार महिलांचा फोनवरून सर्व्हे करणार आहे. विषय पगार, सुट्ट्या, आजारपण आणि कामाच्या ठिकाणी होणारा त्रास. ६०० महिलांचे नंबर एका घरकामगार संघटनेने दिले आहेत आणि कॉल रेकॉर्ड करायचा विचार आहे. तोंडी संमती चालेल का, नवा डेटा संरक्षण कायदा लागू होतो का आणि एथिक्स कमिटीकडे (संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीकडे) जावंच लागेल का, असं विचारलंय.

तिन्हींची छोटी उत्तरं आधी देते. तोंडी संमती चालते, पण ती नीट घेतलेली आणि नोंदवलेली हवी. कायदा तुमच्या कामाला लागू होईल असंच धरून चाला. संशोधनासाठी त्यात सवलत आहे, पण तुमचा आराखडा वाचून ती सवलत तुम्ही नकळत घालवून बसाल असं मला वाटतं. आणि एथिक्स कमिटीकडे जरूर जा.

आता जे विचारलेलं नाही ते. फोन सर्व्हेत बाई अडचणीत येते ती बहुतेक वेळा तिच्या नंबरामुळे. तो नंबर कुठून आला, वाजला तेव्हा शेजारी कोण बसलं होतं आणि काम संपल्यावर तो कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून राहिला, या तीन गोष्टींवर तिची सुरक्षितता ठरते. संमतीचा मजकूर कितीही चांगला लिहिला तरी या तीन ठिकाणी तो कामाला येत नाही. म्हणून मी त्या नंबराच्या मागोमागच जाते.

पहिली गोष्ट, संघटनेने दिलेली यादी. बायकांनी नंबर दिला तो सभासद होताना, संघटनेच्या कामासाठी. मोर्चाचा निरोप मिळावा, घरकामगारांच्या कल्याण मंडळाच्या नोंदणीची माहिती मिळावी म्हणून. तुम्ही फोन करून त्रासाबद्दल विचाराल हे तेव्हा कोणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं. संघटनेचा हेतू चांगला आहे, तुमचाही आहे, पण नंबर त्या बाईचा आहे. त्यामुळे आलेली एक्सेल फाइल उघडून थेट डायल करायला बसू नका. संघटनेच्या कार्यकर्तीने वस्तीतल्या बैठकीत किंवा स्वतः फोन करून आधी विचारावं: ‘अमुक संस्था सर्व्हे करतेय, तुझा नंबर देऊ का?’ ज्या हो म्हणतील त्यांचेच नंबर तुमच्याकडे यावेत, बाकीची यादी संघटनेकडेच राहावी. यात नमुना घटतो, ६०० चे कदाचित ३५० होतील. तसं झालं तर अहवालात तसं लिहा. विचारून आलेल्या ३५० जणी न विचारता गाठलेल्या ६०० जणींपेक्षा मोकळेपणाने बोलतात, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

कोणी तरी तुम्हाला दुसरी सोपी वाट सुचवेलच. मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता गेटवर ॲप असतं. कोणती बाई कोणत्या मजल्यावर किती वाजता गेली याची त्यात नोंद होते. ‘सेक्रेटरी ओळखीचे आहेत, यादी काढून देतो’ असं म्हणणारा भेटतो. ती यादी घेऊ नका. मालकाच्या बाजूच्या यादीतून नंबर आला असेल तर ती बाई मालकाबद्दल खरं बोलणारच नाही, आणि बोलली तर तुम्ही तिची नोकरी धोक्यात घातलीत. बाजारात विकत मिळणाऱ्या ‘डेटाबेस’बद्दल तर बोलायलाच नको. ज्याने विकला त्याला तो कसा मिळाला हे तुम्ही कमिटीपुढे सांगू शकणार नाही.

यादीच नसेल तर संगणकाने दहा आकडे जुळवून सरसकट फोन लावायची पद्धत आहे, रँडम डिजिट डायलिंग म्हणतात तिला. त्यात यादीचा प्रश्न सुटतो, पण घरकामगार सापडेपर्यंत शेकडो भलत्या लोकांना त्रास होतो. तुमच्या विषयाला ती पद्धत बसत नाही.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. ‘मग तोवर मोकळीक’ असं समजू नका. तुमचा डेटा २०२७ नंतरही तुमच्याकडेच असणार आहे. शिवाय खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच, पुट्टस्वामी खटल्यात, सांगून ठेवलंय. करार करून मिळवलेली वैयक्तिक माहिती तो करार मोडून बाहेर दिली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेही आजच.

नव्या कायद्याचं कलम १७ संशोधन आणि सांख्यिकी कामाला सवलत देतं. त्याला दोन अटी आहेत. गोळा केलेली माहिती त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेण्यासाठी वापरायची नाही, आणि नियमांच्या परिशिष्टात दिलेली मानकं पाळायची: गरजेपुरतीच माहिती घ्यायची, गरज असेपर्यंतच ठेवायची, सुरक्षित ठेवायची, जबाबदार कोण ते ठरलेलं असायचं.

पहिली अट नीट वाचा, कारण तुमचा पाय तिथेच अडकतोय. तुमच्या आराखड्यात एक ओळ आहे: ‘ज्या महिलांची कल्याण मंडळाकडे नोंदणी झालेली नाही त्यांची नावं संघटनेला कळवली जातील.’ हेतू उत्तम आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, आणि नोंदणी व्हायला हवी हे मलाही मनापासून वाटतं. पण ज्या क्षणी उत्तरांवरून ‘या बाईला हे द्यायचं, तिला ते’ असं ठरतं, त्या क्षणी ते संशोधन उरत नाही, व्यक्तीबद्दलचा निर्णय होतो. सवलत गेली आणि पूर्ण कायदा लागू झाला: संमती, नोटीस (कोणती माहिती कशासाठी घेतोय हे आधी सांगणं), संमती मागे घेण्याचा हक्क, सगळं. उपाय सोपा आहे. मुलाखत संपल्यावर प्रत्येकीला नोंदणीची माहिती द्या, नोंदणी झालेली असो वा नसो. मग ती स्वतः संघटनेला फोन करेल. नावांची यादी तुमच्याकडून जाता कामा नये.

सवलत मिळाली तरी संमती घ्यायची ती घ्यायचीच. सवलत कायद्याने दिलीय, समोरच्या बाईने दिलेली नाही.

फोनवरच्या संमतीत सगळ्यात जास्त चुका पहिल्या अर्ध्या मिनिटात होतात. आज मुंबईत अनोळखी नंबर उचलणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो. डिजिटल अरेस्ट, केवायसी बंद होईल, पार्सल अडकलंय, लाइट कापली जाईल: या सगळ्यातून तो गेलाय किंवा शेजारचा कोणी तरी गेलाय. बाईने संशय घेतला तर तो योग्यच आहे आणि तो घालवण्यासाठी तिच्या गळी पडायचं नाही. तिला पडताळायची सोय द्यायची. संघटनेच्या कार्यालयाचा नंबर सांगा, ‘तिथे विचारून घ्या, मी उद्या फोन करते’ म्हणा. आणि ओटीपी, आधार, बँक खातं यांतलं काही विचारणार नाही हे सुरुवातीलाच सांगा.

दुसरी चूक म्हणजे फोन कोणी उचललाय हे न बघता विषय सांगून टाकणं. घरकामगार बायकांचा फोन बरेचदा घरचा असतो. मुलगा उचलतो, नवरा उचलतो. काही जणींनी सासरी किंवा गावी सांगितलेलंच नसतं की आपण दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतो. त्यामुळे हवी ती व्यक्ती फोनवर येईपर्यंत विषय उच्चारायचा नाही. नवऱ्याने विचारलंच ‘कशाबद्दल?’, तर खोटं बोलायचं नाही, पण सगळं उघडही करायचं नाही. ‘मुंबईतल्या कुटुंबांच्या कामधंद्याबद्दल माहिती घेतोय, ताईंशी वीस मिनिटं बोलायचं होतं’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. त्याने ‘मलाच विचारा’ म्हटलं तर आभार मानून फोन ठेवा.

आणखी एक. फोन लावणाऱ्या मुलींना मी आधी विचारायला लावते: ‘आत्ता कुठे आहात?’ सकाळी साडेनऊला ती मालकिणीच्या स्वयंपाकघरात असते. तिथे फोनवर ‘पगार वेळेवर मिळतो का’ असं विचारणं म्हणजे तिला संकटात टाकणं. साधारणपणे दुपारी दोन ते चार या वेळात पहिल्या घरांची कामं आटोपलेली असतात आणि संध्याकाळच्या पोळ्यांना वेळ असतो. रात्री घरी असते, पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असतात. वेळ तिला विचारा, तिने सांगितलेल्या वेळेलाच करा. रात्री नऊनंतर आणि सकाळी नऊच्या आधी फोन करू नका.

मी वापरते तो मजकूर साधारण असा. तुमच्या कामाला तो जुळवून घ्या, पण लांबवू नका.

‘नमस्कार, मी ___ बोलतेय. ___ ताईंशीच बोलतेय ना? ताई, आत्ता बोलायला मोकळ्या आहात का? कामावर असाल किंवा जवळ कोणी असेल तर मी नंतर करते. … मुंबईत घरकाम करणाऱ्या बायकांचे पगार, सुट्ट्या आणि अडचणी यांची माहिती आम्ही घेतोय. तुमचा नंबर संघटनेने तुम्हाला विचारून दिलाय. वीस मिनिटं लागतील. ओटीपी, आधार, बँक यांतलं मी काहीही विचारणार नाही. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर “पुढे” म्हणा. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबू, त्याने तुमचं काही अडणार नाही, आणि तुम्ही बोललात की नाही हे संघटनेला कळणार नाही. तुमचं नाव, मालकांचं नाव, बिल्डिंगचं नाव आम्ही कुठेही छापणार नाही. एकच गोष्ट आधी सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर ते पोलिसांना कळवणं कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे. आमच्या ताई कधी कधी कॉल नीट चाललाय ना हे ऐकतात. हे सगळं ऐकून बोलायला तयार आहात का?’

एवढं झाल्यावर तिचं ‘हो’ स्पष्ट शब्दांत यायला हवं. ‘हं’ म्हणजे हो नव्हे. मुलाखत घेणारीने फॉर्ममध्ये वेळ, स्वतःचा कोड आणि ‘संमती वाचून दाखवली, होकार मिळाला’ अशी नोंद करायची. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी मागायची, आणि ती नाकारली तरी मुलाखत पुढे न्यायची. दोन्ही एकाच वाक्यात मागितल्या तर बाईला वाटतं की रेकॉर्डिंगला नाही म्हटलं तर सगळंच नाही म्हटल्यासारखं होईल.

हिंदी, तमिळ, तेलुगू, बांगला बोलणाऱ्या बायका तुमच्या यादीत असणारच. कायद्यातल्या नोटिशीबाबतही इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतली २२ पैकी कोणतीही भाषा निवडता यावी अशी तरतूद आहे. पण माझं कारण साधं आहे. ज्या भाषेत ती नकार देऊ शकते त्याच भाषेत तिची संमती खरी.

नकाराबद्दल थोडं सविस्तर, कारण यावर फारसं कोणी लिहीत नाही. आपल्याकडच्या बायका तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघते’, ‘नंतर करा’, ‘आज पाहुणे आलेत’, ‘नेटवर्क नाहीये’ म्हणतात. फोन सर्व्हेच्या भाषेत याला सॉफ्ट रिफ्युजल म्हणतात आणि कंपन्यांमध्ये ते ‘वळवायला’ शिकवलं जातं. माझा नियम असा: दोनदा पुढे ढकललं की तिसऱ्यांदा फक्त एकच विचारायचं, ‘ताई, तुम्हाला बोलायचं नसेल तरी चालेल, मी नाव काढून टाकू का?’ बऱ्याच जणी हलक्या होऊन ‘हो, काढा’ म्हणतात. ते उत्तर मोलाचं आहे, ते नोंदवा, आणि तो नंबर पुन्हा कोणाकडूनही डायल होणार नाही याची सोय करा.

नियम कागदावर असूनही मोडला जातो तो पैशामुळे. मुलाखत घेणाऱ्या मुलींना ‘पूर्ण झालेल्या फॉर्ममागे इतके रुपये’ असं दिलंत तर त्या नकार ऐकूच शकणार नाहीत. त्यांचंही घर चालायचंय. दिवसाचा रोज द्या. मी पाहिलेल्या बहुतेक नीतिभंगांच्या मुळाशी दर फॉर्मचा हिशेब होता. प्रस्तावात संमतीवर चार पानं लिहिणाऱ्या संस्था ही एक ओळ बजेटमध्ये बदलत नाहीत, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता त्या मुलींच्या फोनकडे या. तुमच्याकडे कॉल सेंटर नाही, मुली घरून आपापल्या मोबाइलवरून फोन करणार आहेत. मग काय होतं ते जवळून बघा. मुलगी नंबर डायल करते. तिच्या फोनवर ट्रूकॉलर आहे. स्क्रीनवर नाव येतं, कधी ‘सुनीता भांडीवाली ४०२’ असं, कारण कोण्या मालकिणीने तसं सेव्ह केलेलं असतं. म्हणजे तुम्ही प्रश्नावलीत नाव विचारलं नाही तरी मुलाखत घेणारीला नाव, काम आणि फ्लॅट नंबरही कळला. पुढे परतकॉलसाठी ती नंबर ‘सर्व्हे ताई ७’ म्हणून सेव्ह करते. तो गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये जातो, व्हॉट्सॲपवर बाईचा फोटो दिसू लागतो. रेकॉर्डर ॲपने फाइल गूगल ड्राइव्हवर आपोआप चढवली, आणि ड्राइव्ह तिच्या भावाच्या लॅपटॉपवरही उघडं आहे. इतक्या सगळ्यात कोणाचाही वाईट हेतू नाही. फोन तसाच बनलेला असतो.

म्हणून: कामापुरते साधे हँडसेट आणि संस्थेच्या नावावरची सिमकार्डं घ्या. त्यांत कॉलर ओळखणारी ॲप्स नकोत, व्हॉट्सॲप नको, बॅकअप बंद हवा. मुलीने नंबर सेव्ह करायचा नाही, रोज संध्याकाळी कॉल लॉग पुसायचा. हेडफोन सक्तीचे करा. घरी बसून फोन करायचा तर दार बंद होणारी जागा हवी, नाही तर ऑफिसमध्येच बसवा. आणि ती राहते त्याच वस्तीतले नंबर तिला देऊ नका. आवाज ओळखला जातो.

सिमकार्डांचा अजून एक पैलू. दहा आकडी नंबरांवरून भराभर फोन जायला लागले की लोक स्पॅम म्हणून तक्रार करतात. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम जाहिरातीच्या कॉलसाठी आहेत. त्यांत १४० ने सुरू होणारी नंबरांची मालिका जाहिरातीसाठी राखलेली आहे आणि डीएनडीची (असे कॉल नकोत म्हणून नंबर नोंदवायची) सोयही त्यासाठीच. शुद्ध संशोधनाचा कॉल विक्रीचा नसतो. पण सर्व्हेच्या शेवटी एखाद्या विमा योजनेची माहितीपत्रिका पाठवलीत तर तो विक्रीचाच झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी न केलेल्या टेलिमार्केटर्सचे सगळे नंबर तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचा आदेश काढलाय, तो लक्षात ठेवा. एका सिमवरून दिवसाला मोजकेच कॉल करा, आणि डीएनडीवर असलेल्या बाईने ‘हे कशाला करता’ विचारलं तर माफी मागून नाव काढा. कायदा तुमच्या बाजूने असला तरी हुज्जत घालू नका.

त्रासाबद्दलच्या प्रश्नांकडे येते. इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. घरगुती हिंसाचारावरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षिततेच्या शिफारशी काढल्या होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही, ज्याची सूत्रं आपल्या देवनारच्या आयआयपीएसकडे (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे) असतात, हिंसाचाराचा भाग एका घरात एकाच बाईला आणि पूर्ण एकांत मिळाला तरच विचारतात. समोरासमोर बसून एवढी काळजी घ्यावी लागते. फोनवर तर खोली दिसतच नाही. स्पीकर चालू आहे का, कोणी ऐकतंय का, काही कळत नाही.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा, लैंगिक त्रासाचा प्रश्न फोनवर हवाच आहे का? पगार आणि सुट्ट्यांचं चित्र फोनवर घ्या, त्रासाचा भाग संघटनेच्या मदतीने समोरासमोर थोड्या बायकांशी बोलून घ्या, असं माझं मत आहे. फोनवरच विचारायचं ठरलं तर प्रश्न असे बांधा की तिला फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘एक, दोन, तीन’ म्हणावं लागेल. ऐकणाऱ्याला काही बोध होता कामा नये. आणि सुरुवातीलाच एक खूण ठरवा: कोणी आलं तर ‘रेशनचं नंतर बघू’ असं काही तरी म्हणा, मी विषय बदलेन. मग मुलाखत घेणारीने लगेच पाणी, रेशन अशा प्रश्नांवर जायचं. हे मुलाखत घेणाऱ्या मुलींकडून सरावात करून घ्या, नुसतं मॅन्युअलमध्ये लिहून होत नाही.

बाई रडायला लागली तर फॉर्म थांबवायचा. पुढचा प्रश्न विचारायचा नाही. मदतीचे नंबर मुलाखत घेणारीला पाठ हवेत: महिला हेल्पलाइन १८१, मुंबई पोलिसांची १०३, मुलांसाठी १०९८, मनावरच्या ताणासाठी टेलि-मानस १४४१६. पण एसएमएस पाठवताना विचारून पाठवा. ‘महिला हेल्पलाइन १८१’ हा निरोप नवऱ्याच्या हातात पडला तर काय होईल हे तिलाच माहीत असतं. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे बहुतेक बायकांना कोणी सांगितलेलंच नसतं. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे आहेत. दोन्हींकडच्या समितीचा पत्ता आणि फोन सर्व्हे सुरू होण्याआधी स्वतः फोन लावून तपासून घ्या. वेबसाइटवरचा नंबर तीनदा वाजून बंद पडतो तेव्हा आपण बाईला भिंतीकडे पाठवलेलं असतं.

गुप्ततेची मर्यादा संमतीत का सांगायची तेही सांगते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असेल तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. ‘तुम्ही सांगाल ते पूर्ण गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊन मग पोलिसांकडे जाणं ही तिची फसवणूक ठरते. म्हणून मर्यादा आधी सांगायची, आणि तुमच्या विषयाला गरज नसेल तर मुलांवरच्या अत्याचाराकडे नेणारे प्रश्न ठेवायचेच नाहीत. वयही आधी विचारा. अठराच्या आतली मुलगी निघाली तर आभार मानून थांबा. तिच्या पालकांची संमती फोनवर पडताळायची तुमच्याकडे व्यवस्था नाही.

मानधन. तुम्ही १०० रुपये यूपीआयने पाठवणार आहात. यूपीआयने पाठवलं की तुमच्या मुलीला बाईचं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं आणि बाईच्या, किंवा ज्याचं खातं आहे त्याच्या, फोनवर तुमच्या संस्थेचं नाव येतं. विषय नाजूक असेल तर तेवढंच पुरतं. मोबाइल रिचार्ज करा, आणि तेही मुलाखत घेणारीकडून नको, ऑफिसमधून एकाच व्यक्तीकडून. मधेच थांबलेल्या बाईलाही रिचार्ज मिळायला हवा. नाही तर ‘कधीही थांबू शकता’ या वाक्याला अर्थ राहत नाही.

माहिती साठवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी गूगल फॉर्मवर होतं. नंबर एका फाइलमध्ये, उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, मधे फक्त कोड. जोडणारी फाइल एकाच व्यक्तीकडे, पासवर्ड लावलेली, शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी नाही. ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स ही सर्व्हेची सॉफ्टवेअर वापरलीत तर फॉर्म एन्क्रिप्ट करता येतो, ते करा. बाईला मन बदलायला, उत्तरं काढून टाका म्हणायला ३० दिवस द्या. तोवर जोडणारी फाइल ठेवावी लागेल. पडताळणीचे, म्हणजे मुलाखत खरंच नीट झाली का हे तपासायचे, फोनही त्याच मुदतीत उरका. मग तारीख ठरवून जोडणारी फाइल आणि नंबर दोन्ही नष्ट करा, दोघांच्या सहीची नोंद ठेवा. रेकॉर्डिंग लिहून काढलं की तेही पुसा, कारण आवाज हीच ओळख आहे. लिहून काढायला मोफत मिळणाऱ्या एआय ॲपवर फाइल चढवू नका. तिथून ती कुठे गेली हे तुम्ही त्या बाईला सांगू शकणार नाही. फोन हरवला, फाइल फुटली तर नव्या नियमांनुसार त्या बायकांना विनाविलंब आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील कळवावा लागेल. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या संस्थेला एवढा होणार नाही, पण बायकांना फोन करून ‘तुमची माहिती आमच्याकडून गेली’ हे कोण सांगणार, ते मात्र आजच ठरवा.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच बायकांशी बोलायचा विचार असेल तर त्याची संमती आत्ता वेगळी घ्या. आणि तेव्हाही नंबर तिचाच असेल असं धरू नका. बंद पडलेले नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिले जातात.

अहवाल लिहिताना सावध राहा. ‘कफ परेडच्या एका टॉवरमध्ये बावीस वर्षं काम करणारी तेलुगू भाषिक विधवा’ असं लिहिलंत तर नाव लिहायची गरजच उरत नाही. तिची मालकीण वर्तमानपत्र वाचते. तुमच्या एम पूर्व वॉर्डातल्या (गोवंडी-मानखुर्द भागातल्या) बायका काम करायला चेंबूर, पवईपर्यंत जातात. राहण्याचा वॉर्ड आणि कामाचा भाग एकाच तक्त्यात दिलात तर आकडे एक-दोनवर येतात. असे रकाने एकत्र करा. मला विचाराल तर पिनकोड घेऊच नका. वॉर्ड पुरे.

एथिक्स कमिटीचं मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुमच्या सर्व्हेत आजारपण आहे म्हणजे आरोग्य आहे, आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक-वर्तणूकविषयक आरोग्य संशोधनालाही धरतात. आपल्या मुंबईतल्याच सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी २००० मध्ये तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. ती आजही वाचण्यासारखी आहेत, कारण ती आपल्या वस्त्या बघून लिहिलेली आहेत. स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडे प्रस्ताव पाठवता येतो. दोन-तीन महिने धरा. आणि कमिटीला संमतीचा मजकूर पाठवून थांबू नका. यादी कशी आली, मुलींना पैसे कसे देणार आणि फोन कोणाचे असणार, हे तिन्ही लिहा. चांगली कमिटी हेच विचारेल. नाही विचारलं तरी लिहा.

शेवटी तुम्ही तळटीपेत लिहिलेला मुद्दा: निधी देणाऱ्यांनी ‘पडताळणीसाठी’ नंबरांसकट सगळा डेटा मागितलाय. देऊ नका. संमतीत बायकांना तसं सांगितलेलं नाही आणि तसं सांगितलं तर त्यांच्यातल्या निम्म्या तरी बोलणार नाहीत. त्यांना ओळख काढलेला डेटा द्या, सोबत संमतीचा मजकूर, नकारांची संख्या आणि पडताळणी कशी केली याचं टिपण द्या. फारच आग्रह धरला तर त्यांचा माणूस एक दिवस तुमच्या ऑफिसात बसून, बाईला आधी सांगून, पडताळणीचे काही कॉल ऐकू शकतो. नंबर त्याला दिसता कामा नयेत. हे कलम करारात पहिला हप्ता येण्याआधी घालून घ्या. करार अजून सहीला गेलेला नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा वेळ आहे. मसुदा तयार झाला की कमिटीच्या प्रस्तावाला जोडून पाठवा.